रजनीचा नवरा

रिहे खोऱ्यात माणसाची ओळख बापाच्या नावानं सांगतात, नाहीतर खाचराच्या नावानं. जयसिंगला मात्र लोक 'रजनीचा नवरा' म्हणतात. सुरुवातीला ती चेष्टा होती. त्यानं बायकोची लुगडी धुऊन दारातल्या दोरीवर वाळत घातलेली पाहिली, की रस्त्यानं जाणारा एखादा म्हणायचा, "रजनीचा नवरा हाय का घरात?" आणि सोबतचे हसायचे. पुढं हसणं बंद झालं, नाव तेवढं चिकटून राहिलं.

रजनी माहेरची मुठा गावची. लग्न होऊन आली तेव्हा भातलावणीला तिच्या हाताची बरोबरी करणारी बाई वाडीत नव्हती. बोलणं फटकळ, हसणं गडगडाटी. सासू गोजराबाईही काही कमी नव्हती. दोघींचं सकाळी चुलीवरून वाजायचं आणि संध्याकाळी कोंबड्यांवरून. जयसिंग तेव्हा पिरंगुटला कंपनीत होता. पाळी संपवून आला की आधी आईचं गाऱ्हाणं ऐकायचा, मग बायकोचं, आणि दोघींनाही "बरं बरं" म्हणून जेवायला बसायचा. चारचौघांचं असतं तसं घर होतं ते. लेक पिंकी दोघींच्या भांडणात दोघींकडून लाडू खायची.

पिंकी चौथीत असताना रजनीची झोप उडाली. आधी कुणाच्या ध्यानात आलं नाही. मग शेजारच्या धोंडाबाईकडं मिक्सर लागला, की ती हातातलं काम टाकून भिंतीला कान लावायला लागली. "माझं नाव घेत्यात," म्हणायची. जयसिंगनं समजावलं, गोजराबाईनं शिव्या घातल्या. काही दिवसांनी तिनं ताट बाजूला सारलं. "ह्यात काय घातलंय ते सांगा आधी." पिंकीचा शाळेचा डबा ती हुंगून बघायची आणि मोरीत रिकामा करायची. पोरगी उपाशी शाळेत जायची, आणि ते कुणाला सांगायचीही नाही.

एक दिवस रजनी घरातून निघून गेली. पौडच्या एसटी स्टँडवर सापडली, अनवाणी, बाकाखाली पाय ओढून घेऊन बसलेली. जयसिंगला पाहून तिनं त्याचा हात घट्ट धरला. "मला हितनं न्या. ती हितंबी आल्यात."

"कोण आलंय?"

तिनं आजूबाजूला पाहिलं आणि मान हलवली. नाव घेतलं तर ऐकतील, अशी तिची भीती होती.

गावात करतात ते सगळं झालं. देवऋषी झाला, लिंबं झाली, धुरी झाली. धुरीनं रजनी खोकून खोकून रडली आणि देवऋषी म्हणाला, "बघा, आतलं बोलाया लागलं." तेव्हा रजनीचा भाऊ कैलास तिथंच होता. तो शाळेची व्हॅन चालवायचा. त्यानं बहिणीला उठवलं, व्हॅनमध्ये बसवलं आणि म्हणाला, "दाजी, चला. पुण्याला दाखवू."

पुण्याच्या डॉक्टरीणबाई शांत होत्या. त्यांनी रजनीशी पुष्कळ वेळ बोलून घेतलं, मग जयसिंगला आत बोलावलं. "हा आजार आहे. साखरेचा असतो, दम्याचा असतो, तसाच. बाहेरचं काही नाही. तिचा दोष नाही, तुमचाही नाही. गोळ्या मात्र आम्ही सांगू तोपर्यंत बंद करायच्या नाहीत."

बाहेर आल्यावर जयसिंगनं कैलासला विचारलं, "सांगू तोपर्यंत म्हंजी कुटंवर?"

कैलासनं व्हॅन सुरू केली.

गोळ्यांनी आवाज बरेच कमी झाले. रजनी जेवायला लागली, झोपायला लागली. पण तिचा तो गडगडाट गेला. अंगानं सुटली, हात थरथरायला लागले. नळाखाली बादली लावून ती तिच्याकडं बघत उभी राहायची, बादली भरून पाणी अंगणात गेलं तरी. मध्येच बरं वाटतं म्हणून गोळ्या सोडायची आणि महिन्याभरात पुन्हा भिंतीला कान लागायचा.

भावकीनं तोडगा काढला. तो सांगायचं काम गोजराबाईकडं आलं. जयसिंग ओट्यावर विळ्याला धार लावत होता, तेव्हा ती येऊन बसली. "तिला मुठ्याला पोचव. वरल्या आळीच्या चंद्राबाईची पोर हाय, सोडचिठ्ठी झालेली, कामाला वाघीण. पिंकीला आई मिळंल, तुला बायकू."

"मला न्हाई जमायचं, आये."

"का न्हाई जमायचं? दुनिया करती."

जयसिंगनं विळा खाली ठेवला. खरं तर 'का' ते त्यालाही सांगता येत नव्हतं. तो फार बोलणारा माणूस नव्हता. आतल्या दाराकडं बघत म्हणाला, "ती मेली असती तर गोष्ट येगळी. पर ती हाय ना आये. आत बसलीया बघ."

गोजराबाई उठून गेली. त्या दिवसापासून तिनं सुनेशी बोलणं टाकलं.

जयसिंगनं कंपनी सोडली. रात्रपाळीला घर कुणावर टाकून जाणार? गावातच एका फार्महाऊसवर माळीकाम धरलं. पगार कमी होता, पण दुपारी घरी येता यायचं. स्वयंपाक शिकला. पिंकीच्या वेण्या घालायला शिकला, आधी वाकड्या, मग सरळ. रजनीला न्हाऊ घालायला शिकला, तिचे महिन्याचे कपडे धुवायला शिकला. गावानं नाव ठेवलं ते त्याच दिवसांत.

पिंकी बारावी झाली त्या श्रावणात गोजराबाई परसात शेवाळावरून घसरली. खुबा मोडला. ऑपरेशन झालं, पण म्हातारी काही पुन्हा उभी राहिली नाही. जयसिंगनं तिची खाट आतल्या खोलीत, खिडकीजवळ टाकली. त्याच खोलीत रजनी बसायची. म्हातारी घाबरली. "जयसिंगा, मला हिच्यासंगं एकटी टाकून जाऊ नगंस. ही माझा गळा दाबंल."

"न्हाई दाबत, आये. ती तुलाच घाबरती."

सकाळी दोघींचं सगळं आवरून तो कामावर जायचा तेव्हा दोनदा मागं वळून बघायचा. पिंकी कॉलेजला. घरात एकीला पाय नाहीत आणि दुसरीचं डोकं ठिकाणावर नाही. पहिले काही दिवस दोघी एकमेकींकडं पाठ करून राहिल्या. मग एका दुपारी तो आला तर खोलीत फिनेलचा वास येत होता. चादर बदललेली होती. म्हातारी तोंड फिरवून म्हणाली, "माझं अंथरूण खराब झालं. मी हाक मारत न्हवते तिला. आपली आपण उठली. पुसलं, धुतलं." आणि जरा थांबून, "नाकाला पदरबी लावला न्हाई तिनं."

तिथून दोघींचं काहीतरी जुळलं. गोजराबाईलाही रक्तदाबाच्या, हाडांच्या गोळ्या होत्या. ती सुनेला म्हणायची, "आधी तू घे, मग मी घेती." रजनी म्हणायची, "आत्याबाई, आधी तुमी." शेवटी दोघी एकदम तोंडात टाकायच्या आणि एकाच तांब्यातलं पाणी प्यायच्या. जयसिंगनं जे वर्षानुवर्षं विनवण्या करून करवलं, ते म्हातारी चुटकीसरशी करायला लागली.

एकदा तो दुपारी लवकर आला आणि दाराशीच थबकला. आत रजनी कानावर हात ठेवून बसली होती. गोजराबाई उशीवरून मान उचलून विचारत होती, "काय म्हंत्यात गं?"

"म्हंत्यात, ऊठ. जा."

"कुटं जा?"

"नदीवर."

"बरं. त्यास्नी म्हणावं, आधी म्हातारीला चूळ भराया पानी देती. जायचं ते मग बघू."

रजनी उठली. तिनं तांब्या आणला, सासूच्या मानेखाली हात घातला, पाणी पाजलं, हनुवटीवरचा ओघळ पुसला. मग तशीच खाटेच्या कडेवर बसून राहिली. नदीचं नाव पुन्हा निघालं नाही. जयसिंग दाराबाहेर पायरीवर बसला. आत जाण्याआधी त्याला तोंड धुवावं लागलं.

पिंकीला बावधनचं स्थळ आलं. मुलाचं नाव शंभू. त्यांची जमीन कधीच विकून झाली होती, चार मजली घर होतं आणि खालच्या खोल्या भाड्यानं दिलेल्या. शंभूचे वडील साहेबराव बघायला आले. जयसिंगनं काही लपवलं नाही. साहेबराव चहा पीत ऐकत राहिले. "आमची काय हरकत न्हाई. पोरगी चांगली हाय. फकस्त लग्नात चार मोठी पावनी असत्यात. ताई तितं बिथरल्या, काय बोलल्या, तर दोन्ही घरांची शोभा. तुमी समजून घ्या."

जयसिंगनं समजून घेतलं. पिंकी आतून ऐकत होती. आईला आणा असं ती म्हणाली नाही, आणू नका असंही म्हणाली नाही. शाळेत असल्यापासून 'येडीची पोर' हे तिनं इतक्यांदा ऐकलं होतं, की तिला दोष द्यावा तर कशाबद्दल द्यावा?

लग्न पौडच्या कार्यालयात झालं. कन्यादानाला जोडपं लागतं, म्हणून कैलास आणि त्याची बायको पाटावर बसली. बाप गर्दीत, मंडपाच्या खांबाला टेकून उभा होता. भटजींनी "मुलीचे वडील कुठायत?" असं विचारलं तेव्हा कुणीतरी त्याला पुढं ढकललं, आणि दुसऱ्यानं कानात काही सांगून पुन्हा मागं घेतलं. त्यानं अक्षता टाकल्या. त्या पिंकीपर्यंत पोचल्या नाहीत, पुढच्या बाईच्या डोक्यावर पडल्या.

घरी दोघींच्या सोबतीला धोंडाबाई बसली होती. दिवेलागणीला जयसिंग मसालेभाताचा आणि जिलबीचा डबा घेऊन परतला. खोलीत पाहतो तर दोघी नटून बसलेल्या. रजनीनं मानाची जरीची साडी नेसलेली. म्हातारीच्या पांढऱ्या केसांना तेल लावून बुचडा बांधलेला, अंगावर नवं लुगडं. मध्ये ताटात कुंकू, तांदूळ आणि पेटवलेलं निरांजन.

"पिंकी मागनं येती का?" रजनीनं विचारलं. "वाटंनं जाताना जोडी हितं थांबंल म्हनून आत्याबाई बोलल्या."

"न्हाई. त्यास्नी लई उशीर झाला. थेट बावधनला गेली."

गोजराबाईनं भिंतीकडं तोंड केलं. रजनी ताटाकडं बघत राहिली. वात फडफडली तशी तिनं हाताचा आडोसा केला. मग म्हणाली, "मग तुमी बसा पाटावर. दिवा लावलाय, वाया कशाला घालवायचा?" आणि तिनं जयसिंगला ओवाळलं. तो नव्या धोतरात, लेकीच्या लग्नाच्या दिवशी, मुकाट ओवाळून घेत बसला.

पुढच्या थंडीत म्हातारी गेली. जयसिंग दुपारी आला तर रजनी खाटेशेजारी बसलेली. एका हातात तांब्या, दुसऱ्या तळव्यावर गोळ्या. "आत्याबाई आज गोळीच घेईनात," ती तक्रारीच्या सुरात म्हणाली. "सकाळधरनं सांगती." म्हातारीचा हात गार पडला होता. रजनीनं तिला गोधडीत नीट गुंडाळून ठेवलं होतं.

तिनं रडून घेतलं असतं तर बरं झालं असतं. ती रडली नाही. दहावं झालं, तेरावं झालं, आणि तिनं गोळ्या सोडल्या. "आत्याबाईंनी घेतली न्हाई. मीबी न्हाई घ्यायची." जयसिंगनं पाया पडून पाहिलं, रागावून पाहिलं. एकदा तर त्याच्या तोंडून निघून गेलं, "मग मर एकदाची!" ती भिंतीकडं तोंड करून बसली. तोच दिवसभर कामावर पाणी न पिता राहिला.

मग त्यानं एक चूक केली. गोळी कुटून वरणात कालवली. पहिल्याच घासाला रजनी थांबली. जिभेवर काहीतरी कडू लागलं. तिनं बोट वरणात फिरवलं, डोळ्यांशी धरलं. मग तिनं नवऱ्याकडं पाहिलं. ती नजर जयसिंग अजून विसरलेला नाही. इतकी वर्षं सगळे तिला सांगत होते, की अन्नात कुणी काही घालत नाही, ते तुझ्या मनाचे खेळ. आज तिच्या नवऱ्यानंच घातलं होतं.

"म्हंजी खरंच व्हतं," ती हळूच म्हणाली.

त्यानंतर तिनं त्याच्या हातचं पाणीही घेतलं नाही. दार लावून बसायची, आत कुणाशी तरी भांडायची. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, दाखल करा. कैलासनं व्हॅन आणली. दवाखान्याच्या दारात रजनीनं व्हॅनच्या दांडीला दोन्ही हातांनी धरलं. "मी काय केलं? अवो, मी काय केलं ते तरी सांगा." कैलास एकेक बोट सोडवत होता आणि लहान पोरासारखा रडत होता. जयसिंगनं पाठीमागून तिला कवेत धरलं. एवढ्या वर्षांत तिला असं धरल्याचं त्याला आठवत नव्हतं, आणि आज धरलं ते यासाठी.

घरी आला तेव्हा घर रिकामं होतं. ना खाटेवरून हाक, ना भिंतीशी कुजबुज. तो जेवला नाही, तसाच आडवा झाला आणि दुसऱ्या दिवशी ऊन चांगलं वर आल्यावर उठला. इतकी गाढ झोप त्याला पोरवयातही लागली नसेल. उठल्यावर अंग हलकं वाटत होतं. त्या हलकेपणाचीच त्याला इतकी लाज वाटली, की तो उठून थेट खाचराच्या बांधावर गेला आणि उगाच गवत काढत बसला.

दवाखान्यात भेटायला गेला, तेव्हा त्याचाही रक्तदाब तपासला. तो वाढलेला निघाला. त्यालाही रोजची एक गोळी सुरू झाली.

रजनी परत आली ती खूप शांत होऊन. पहिल्या सकाळी जयसिंग आईच्या खाटेवर बसला, तिच्या गोळ्या तिच्यासमोर ठेवल्या, आपली आपल्या तळव्यावर घेतली. म्हणाला, "त्या दिशी वरणात मीच घातली व्हती. चुकलं माझं. पुन्यांदा न्हाई घालायचो. ही माझी गोळी, मी तुझ्यासमूर घेतो. तुझी तू घे, न्हाईतर नगंस घेऊ." आणि त्यानं ती गिळली.

रजनीनं त्याला न्याहाळलं. "आ करा."

त्यानं तोंड उघडलं. तिनं वाकून जिभेखालीसुद्धा पाहिलं, दवाखान्यात नर्स बघायची तसं. त्या दिवशी तिनं गोळी घेतली नाही. त्याच्या दुसऱ्या दिवशीही नाही. पुढं एका सकाळी घेतली. तेव्हापासून घेते. जयसिंग तिला आता सोबत कामावर नेतो. फार्महाऊसच्या मालकीणबाई शनिवार-रविवारी येतात, ते दोन दिवस सोडून. ती लिंबाच्या झाडाखाली बसून गवत उपटते. कधी नीट, कधी गवतासोबत फुलझाडंही.

पिंकीला मुलगा झाला. पहिलं बाळंतपण माहेरी करायचं, पण त्याचा विषयही कुणी काढला नाही. जयसिंग एकटाच बाळंतविडा घेऊन जाऊन आला. शंभूनं मोबाईलवर बाळाचा फोटो पाठवला. रजनीनं तो कितीतरी वेळ पाहिला. "कपाळ आत्याबाईंचं हाय," म्हणाली. मग मान वर न करता विचारलं, "मला कधी न्याल?"

"जाऊ की. थंडी सरू दे."

"मी गप बसंन," रजनी म्हणाली.

जयसिंगनं मग थंडी सरायची वाट बघितली नाही, पिंकीला फोन लावला. पलीकडं पिंकीनं आधी खोलीचं दार ओढून घेतलं. मग म्हणाली, "पप्पा, रविवारी या. मी खाली येते."

रविवारी मालकीणबाईंकडून सुट्टी घेऊन दोघं बसनं बावधनला गेली. पिंकी बाळाला दुपट्यात घेऊन जिन्यावरून खाली आली. भाडेकरूंच्या मोटारसायकली लावलेल्या असतात, तिथं एक सिमेंटचा कट्टा आहे, त्यावर तिघं बसली. वर गॅलरीत पिंकीच्या सासूबाई केशरबाई उभ्या होत्या. त्यांनी वाकून पाहिलं आणि आत गेल्या. थोड्या वेळानं कुणीतरी खाली चहा आणून ठेवला. वर या असं कुणी म्हणालं नाही.

रजनी हात मांडीत घट्ट धरून बसली होती, थरथर दिसू नये म्हणून. बाळाकडं बघत होती, पण हात पुढं करत नव्हती. पिंकीनं आईच्या हातांकडं पाहिलं. मग बाळ उचलून तिच्या मांडीवर ठेवलं आणि स्वतःचा हात खाली आधाराला लावला. "घे आई. काय होत न्हाई." रजनीनं बोटानं त्याच्या कपाळावरचं जावळ सारखं केलं. बाळ कुरकुरलं तशी ती दचकली आणि पिंकीकडं बघायला लागली. पिंकीनं बाळ परत घेतलं नाही. तिच्या डोळ्यांतून पाणी चाललं होतं आणि ती दुसऱ्या हातानं चहाचा कप उगाच फिरवत होती.

निघताना पिंकी रस्त्यापर्यंत आली. वाकून दोघांच्या पाया पडली. जयसिंगला तिला पुष्कळ काही सांगायचं होतं. तो म्हणाला, "ऊन लागंल बाळाला. जा वर."

परतीची बस भरलेली होती. भूगावच्या पुढं दोघांना बसायला जागा मिळाली. पिरंगुटचा घाट उतरताना रजनीनं त्याची बाही ओढली.

"मी गप बसले ना?"

"व्हय," जयसिंग म्हणाला. "लई गप बसलीस."

तिनं समाधानानं मान डोलावली. तो खिडकीतून बाहेर बघत राहिला. उतरायचा घोटावडे फाटा आला तेव्हा तिनंच त्याला हात धरून उठवलं, पिशवी उचलली आणि त्याच्या आधी खाली उतरली.